गडावर मुक्काम, पण कुणाचा?

दादा जर्मनीला मुलाकडे जाऊन आले आणि रविवारी ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर बसता बसता म्हणाले, "बाराव्या शतकातला किल्ला, आणि मी त्यात रात्री झोपलोय. आपल्याकडे एवढे किल्ले असून हे का जमू नये?"

किल्ला म्हणजे ऱ्हाईन नदीकाठच्या बाखाराख गावावरचा श्टालेक. आत युवा वसतिगृह आहे. नावातच काय ते 'युवा', दादांच्या वयाचे लोकही तिथे सर्रास राहतात. स्टेशनवर उतरायचं, गावातून चढ चढायचा, पलंगावर चादर आपली आपण घालायची, सकाळी सहलीला आलेल्या शाळकरी पोरांच्या मागे नाश्त्याच्या रांगेत उभं राहायचं. खाली नदी, आणि दोन्ही काठांनी रात्रभर मालगाड्या. दादांची झोप मोडली, पण त्याची तक्रार नव्हती. खिडकीत बसून राहावंसं वाटलं, म्हणाले.

मास्तरांनी आयुष्यभर इतिहास शिकवलाय. ते लगेच म्हणाले, "दोन हजार एकोणीस विसरलात?" त्या सप्टेंबरात राज्यातले पंचवीसेक किल्ले हेरिटेज हॉटेलांसाठी भाडेपट्ट्यानं देण्याची बातमी आली आणि महाराष्ट्र पेटला. शिवकालीन, सरकारी यादीतल्या वर्ग एकच्या किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला. मास्तरांचं म्हणणं, वर्ग एक काय नि दोन काय, गडाच्या तटाखाली लग्नाची वरात नाचलेली त्यांना चालणार नाही.

"हॉटेल कोण म्हणतंय? मी वसतिगृह म्हणतोय," दादा म्हणाले.

आमच्यातली ताई जुन्या वास्तूंच्या जतनाचं काम करते. ती तोवर गप्प होती. तिनं एकच विचारलं, "दादा, तुम्ही झोपलात त्या खोलीची भिंत किती जुनी?"

दादांना उत्तर देता येईना. मग तिनं सांगितलं. १६८९ साली फ्रेंच सैन्यानं श्टालेक सुरुंग लावून उडवला. नंतर दोनशेहून जास्त वर्षं तो पडकाच होता, आणि आजचं वसतिगृह विसाव्या शतकात त्या अवशेषांवर उभं राहिलं. "म्हणजे पाया मध्ययुगातला आणि तुमच्या डोक्यावरचं छप्पर आपल्या आजोबांच्या काळातलं. आणि वाटेत ते बिनछपराचं चॅपल लागलं ना? त्या स्फोटाचे दगड त्याच्यावर कोसळले होते. ते कुणी पुन्हा बांधलं नाही, आहे तसं राखलं. एकाच डोंगरावर दोन्ही निर्णय दिसतात."

दादांनी फोनमध्ये त्या चॅपलचा फोटो काढून दाखवला. लाल दगडाच्या उंच रिकाम्या कमानी, वर आभाळ. खरं सांगतो, मला किल्ल्यापेक्षा तेच जास्त आवडलं.

"मग जीर्णोद्धार करायचा की नाही?" आमच्यातला सगळ्यात धाकटा, तो सीए आहे, वैतागून म्हणाला.

ताईच्या मते करायचा, पण अंदाज सुरू होतो तिथे हात थांबवायचा. जुन्या वास्तूंच्या जतनाचे नियम सांगणाऱ्या १९६४च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत हेच लिहिलंय. तिचं आवडतं उदाहरण इंग्लंडमधलं ॲस्टली कॅसल. १९७८च्या आगीत ते जळालं. लँडमार्क ट्रस्ट या जुन्या वास्तू वाचवणाऱ्या संस्थेनं नकली मध्ययुगीन खोल्या न बांधता उरलेल्या भिंतींच्या आत सरळसरळ नवं विटांचं घर बसवलं. जुनं कुठे संपतं, नवं कुठे सुरू होतं, ते लहान पोरालाही कळतं. वास्तुकलेचा २०१३चा स्टर्लिंग पुरस्कार त्याला मिळाला, आणि पैसे भरून कुणीही तिथे राहू शकतो.

"मग रायगडावर तसंच करा की!" दादा म्हणाले, आणि मास्तर उभेच राहिले. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी रायगडावरचे वाडे जळाले. आज उरली आहेत ती जोती. त्या जोत्यांवर कुणी पलंग टाकणार ही कल्पनाच त्यांना सहन होईना. मलाही झाली नाही.

पण भावना बाजूला ठेवली तरी अडचण उरते, आणि ती ताईनं नीट मांडली. तिकडचा कॅसल म्हणजे जाड भिंतींची मजलेदार इमारत, खोल्या आतच असतात. आपला गिरिदुर्ग म्हणजे अख्खा डोंगर. राजगडाच्या तीन माच्या आणि बालेकिल्ला पायी बघायला दिवस जातो. वरची लाकूड-कौलांची घरं केव्हाच गेली, तेव्हा 'दुरुस्त करून राहायला' द्यायचं म्हटलं तर नवीनच बांधावं लागेल. पाणी कुठलं? कातळात खोदलेल्या टाक्यांचं. शौचालयाचं काय? वर खड्डे केले तर झिरपून तेच पाणी नासणार. बाखाराखच्या किल्ल्यापर्यंत रस्ता आहे, नळ आहे, सांडपाणी खाली न्यायची सोय आहे. राजगडावर काय नेणार?

सीएनं नीमराणा काढला. राजस्थानातला १४६४चा किल्ला, उजाड पडलेला. १९८६ साली काम सुरू झालं, १९९१ मध्ये हॉटेल म्हणून उघडला, आणि वाचला. "पैसा आला म्हणून वाचला, मास्तर. आपल्या कोकणच्या सीमेवरचा तेरेखोलचा किल्ला बघा. सावंतवाडीकरांनी बांधलेला, १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतलेला. हॉटेल झालं म्हणूनच तो धडधाकट राहिला."

"आणि आत जायला किती मोजायचे?" मास्तरांनी विचारलं.

हा प्रश्न मला त्या संध्याकाळचा सगळ्यात खरा वाटला, आणि तेव्हा मी बोललो. वापरात राहिली की वास्तू टिकते, हे अर्धंच खरं आहे. आपण बसलो होतो तिथून ठाण्याचा किल्ला चालत जाण्याइतका जवळ. पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. इंग्रजांविरुद्ध लढलेले राघोजी भांगरे तिथेच १८४८ साली फासावर गेले, क्रांतिकारक अनंत कान्हेरे १९१० साली. आजही मध्यवर्ती कारागृहच आहे. वापर अखंड चालू, तट उभा, आणि ठाण्यात जन्म काढलेल्या माणसाला आतला बुरूज माहीत नाही. तेव्हा राहायला द्यावं की नाही यापेक्षा दार कुणासाठी उघडतं, ते आधी बघायला हवं. श्टालेकच्या पलंगाचं मोल हे की त्यावर शाळेची पोरं झोपतात. तोच पलंग दहापट भाड्याचा झाला की किल्ला टिकेल, पण पुन्हा आपल्याला बंद होईल.

दादांना मुद्दा पटला, पण ते हटले नाहीत. "पालीजवळच्या सुधागडाचं काय? भोरच्या पंतसचिवांचा वाडा उभा आहे. ट्रेकर वर्षानुवर्षं तिथे झोपतात. जमिनीवर, अंधारात."

ताई जरा विचारात पडली. वाडा आहे, म्हणजे नव्यानं काही बांधायला नको. दुरुस्ती चुन्यातच हवी. सिमेंट दगडातली ओल अडवून धरतं, मग दगडाचे पापुद्रे सुटतात. चुना, वाळू, गूळ, हिरडा घालून मळलेला तो जुना चुना श्वास घेतो, आणि पुन्हा काढता येतो. मैला खाली आणायची सोय आधी, खाटा नंतर. आणि मुक्कामी राहणारा माणूस पायथ्याच्या गावातलाच, पगारी.

"दारू प्यायला येणारे?" मास्तर.

"म्हणून तर तो माणूस. पूर्वी गडाला हवालदार, सबनीस असे अधिकारी असत. दिवस मावळला की दरवाजे लागत. आज केंद्राच्या बहुतेक संरक्षित स्मारकांतून सूर्यास्ताला सगळ्यांना बाहेर काढतात, आणि जिथे कुणीच बघत नाही तिथे रात्रभर काहीही चालतं. तिथे जबाबदार माणूस झोपलेला असणं हीच राखण."

मास्तर बराच वेळ बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "वाडा, चुन्यात दुरुस्त, आधी शाळेच्या पोरांना आणि नाममात्र भाड्यात. एवढ्याला माझी हरकत नाही. हॉटेलचा 'हॉ' काढलात तर मी विरोधात."

सीएनं लगेच विचारलं, मग चुन्याचा आणि त्या माणसाच्या पगाराचा खर्च कोण देणार. तिथून वाद पुन्हा पेटला, आणि दादांचा आवाज सगळ्यात वर होता.