पत्रे उतरतात, रस्ता मात्र तेवढाच

१९६१ च्या पानशेत पुरानंतर पुण्यात सहकारनगर, गोखलेनगर, लोकमान्यनगर अशा वसाहती आल्या, आणि आता त्या परिसरांत दर महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या सोसायटीभोवती निळे पत्रे उभे राहतात. जुन्या इमारती मोडकळीस आल्या आहेत, लिफ्टअभावी वृद्धांचे हाल होतात, त्यामुळे पुनर्विकासाला माझा विरोध नाही. संताप येतो तो पत्र्यांच्या बाहेर जे चालते त्याचा. पदपथ गिळला जातो, सकाळी सातपासून ब्रेकरची धडधड सुरू होते आणि काँक्रीटचे मिक्सर गल्लीच्या तोंडाशी असे अडकून बसतात की रुग्णवाहिकेलाही वाट मिळू नये.

२०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत बांधकामाची मर्यादा रस्त्याच्या रुंदीशी जोडलेली आहे. पण ती रुंदी प्रत्येक प्लॉटपुरती स्वतंत्र मोजली जाते. एकाच गल्लीत अशा दहा इमारती झाल्यावर त्या रस्त्यावर, ड्रेनेजवर आणि पाण्याच्या जुन्या वाहिनीवर एकत्रित किती भार पडेल, हे नेमके कोण पाहते? बारा कुटुंबांच्या जागी चाळीस येतात, आणि लगोलग टँकरही. कुंपणालगतचा सोनमोहर जातो; त्याच्या बदल्यात लावायची रोपे कुठे लागली, हे कोणी दाखवत नाही. प्रवेशद्वारावर मात्र ‘ग्रीन’, ‘हाइट्स’ वगैरे नाव झळकते.

आमच्या शेजारचे पत्रे मागच्या आठवड्यात उतरले; समोरच्या सोसायटीची निविदा निघाली आहे.