"मुंबईत नोकरी" म्हणजे कसली रे अण्णा?

गेला आठवडाभर आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुळवृत्तान्ताचं काम चाललंय. संगमेश्वरकडचं गाव आमचं, चुलतभाऊ अण्णाने सात पिढ्यांची एक्सेल शीट केलीय आणि त्यात आजोबांच्या नावापुढे लिहिलंय "मुंबईत नोकरी". मी विचारलं, कसली नोकरी, गिरणीत साचेवाले होते ना, मागावर कापड विणणारे? तर म्हणे अरे पुस्तक छापायचंय, उद्या पोरांच्या लग्नाला पाव्हणे वाचणार, गिरणी कशाला त्यात. आणि पाच पिढ्यांमागच्या कुणा खोताच्या कारभाऱ्याला मात्र तीन ओळी, ज्याचा कागद ना पत्र!

डोकंच फिरलं. मी इंग्लंडात मँचेस्टरजवळ ओल्डहॅमला राहतो, बारा वर्षं झाली. इथं शेजारची म्हातारी ब्राऊन बिन बाहेर ढकलता ढकलता पण सांगते की आई गिरणीत वाइंडर (सूत गुंडाळणारी) होती, आजी कार्डरूममध्ये (कापूस पिंजायच्या खात्यात), लाजबिज काही नाही. आणि मुंबईच्या गिरण्यांना यंत्रं पुरवणारे प्लॅट ब्रदर्स याच गावचे, म्हणजे आमच्या घरात दोन वेळची भाकरी आली त्याचं एक टोक इथंच आहे. अण्णाला हे लिहिलं तर त्याने नुसते हात जोडले.

इथंच लँकेशायरात बर्न्लीजवळ क्वीन स्ट्रीट मिल म्हणून वाफेवर चालणारी गिरणी आहे. ती बंद पडली 1982 ला. आपल्याकडं त्याच वर्षी 18 जानेवारीला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर, त्यात माझे वडील आणि अण्णाचे पण. बर्न्लीच्या गिरणीचं म्युझियम झालं, साचे जागच्या जागी ठेवले. आमच्याकडं फिनिक्स मिलचा मॉल झाला. (हे सांगताना मला बरं वाटतं हे कबूल करतो. लँकेशायरच्या बाकीच्या शेकडो गिरण्या पाडल्या किंवा त्यांचे फ्लॅट झाले, ते मी ग्रुपवर लिहिलं नाही.)

त्या म्युझियममध्ये गेलो होतो तेव्हा तिथल्या बाईंनी धोटा (मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा) हातात दिला. सांगितलं की आतली सुताची कांडी बदलली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढायचे, त्याला इथं 'किसिंग द शटल' म्हणतात, एकाचं तोंड लागलेलं दुसऱ्याला, त्यातून रोग पसरायचे. सगळे ईऽऽ करून हसले. मला लालबागची खोली आठवली. एक गाळा, त्यात गावची अकरा माणसं, ज्याची पाळी सुटली तो आडवा होणार, आणि आजोबा मशेरी लावत सांगायचे तेच, की सूत तोंडाने ओढायचं ना, म्हणून आमच्या साचेखात्यात 'त्या' लोकांना घेत नसत, ते त्रासन खात्यात, सूत कातायला. अगदी सहज, पाऊस पडला सांगावं तसं. पगार साच्यावर जास्त होता. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न लावून धरला होता, हे मी फार उशिरा वाचलं, तेही इकडं आल्यावर.

आता हे कुळवृत्तान्तात कुठे घालायचं? अण्णाला गिरणी नको, मला गिरणी हवी, पण भोंगा, भजनी मंडळ, डबल पाळी, खानावळवाल्या मावशी असली हवी. तोंडाच्या सुताची गोष्ट मी पण ग्रुपवर टाकली नाही. टाइप केली होती, पुसली.

शेवटी बरंच भांडून "गिरणी कामगार, साचेखाते, परळ" एवढं मंजूर झालं. अण्णाने फायनल शीट पाठवली, बघून घे म्हणाला. बघितली. माझ्या नावापुढे आहे "मँचेस्टर येथे उच्च पदावर". मी वेअरहाऊसला शिफ्ट सुपरवायझर आहे, आठवड्याला चार रात्रपाळ्या, हे लिहितोय ते पण दोनच्या ब्रेकला कँटीनमध्ये बसून. अण्णाला मेसेज केला, आजीचं माहेरचं नाव चुकलंय तेवढं बघ, बाकी सगळं ओके.