पेव्हर ब्लॉकला पाया लागतो

बंगल्यासमोरच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवण्याचा स्वस्त मार्ग सांगणारा एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : ब्लॉक एकमेकांत अडकत असल्यामुळे त्यांना पाया लागत नाही, जमीन फावड्याने सारखी करून दोन दिवस पाणी मारले की माती बसते, खोलगट जागी वाळू किंवा कच (दगडाचा बारीक चुरा) थोडी जास्त टाकावी, शंका वाटल्यास खाली प्लास्टिकचा कागद अंथरून कचमध्ये सिमेंट मिसळावे, पाणी फटींतून मुरत असल्याने उताराची गरज नाही, ही पद्धत कोणत्याही जमिनीत चालते, आणि बिघडलेच तर ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात. खुदाई, मुरूम आणि रोलर यांवरचा खर्च हा ठेकेदारांनी लावून दिलेला आहे, असेही त्यात सुचवले आहे. यातल्या एकदोन गोष्टींत तथ्य आहे, म्हणूनच उरलेल्या गोष्टी खपून जातात.

ब्लॉक एकमेकांत अडकतात, हे पहिले विधान खरे आहे. पण ते कशामुळे अडकतात, हे मजकुरात सांगितलेले नाही. ब्लॉकच्या नागमोडी कडांपेक्षा दोन ब्लॉकमधल्या दोन ते चार मिलिमीटरच्या फटीत ठासून भरलेली बारीक वाळू हे काम अधिक करते. एका ब्लॉकवर चाक आले की त्या वाळूच्या घर्षणामुळे शेजारचे ब्लॉकही थोडा भार उचलतात. मात्र उचललेला भार शेवटी खालीच जातो. एक टनाच्या आसपास वजनाची छोटी मोटार उभी केली तरी प्रत्येक चाकाखाली सुमारे अडीचशे किलो भार येतो आणि टायर जमिनीला टेकतो ती जागा तळहाताहून फारशी मोठी नसते. हा भार पसरत पसरत मातीला सोसेल इतका हलका करण्याचे काम ब्लॉकखालचा खडी-मुरमाचा दाबलेला थर करतो. तो थर नसेल तर खालची माती दबते, ब्लॉक किंचित कलतो, फट उघडते, वाळू निसटते आणि ज्या अडकण्यावर सगळी भिस्त ठेवली होती तेच संपते.

खात्री करायची असेल तर असे बसलेल्या एखाद्या अंगणातले चारसहा ब्लॉक पहारीने उचकटून पाहावेत. तळाला ओली कच थापलेली दिसते, तिच्याखाली मातीत टायरच्या रुंदीचा लांबट खळगा पडलेला असतो, आणि हातभर बाजूला, जिथे चाक कधी गेलेच नाही, तिथली माती अजून भुसभुशीत व उंच असते. ब्लॉक मात्र बहुतेक वेळा धडधाकट निघतो. लोक दोष ब्लॉकला देतात आणि पुढच्या वेळी जाड ब्लॉक मागवतात. आयएस १५६५८ या भारतीय मानकात निव्वळ पायी वापरासाठी ५० मिलिमीटर आणि हलक्या वाहनांसाठी ६० मिलिमीटर जाडी धरली आहे. घरगुती अंगणाला तेवढी पुरते. वाचवलेल्या पायाची भरपाई ८० मिलिमीटरच्या ब्लॉकने होत नाही.

‘पाणी मारले की माती बसते’ हा समज जुना आहे आणि तो वाळूच्या अनुभवावरून आलेला आहे. वाळूत पाणी सोडले की कण सरकून काही प्रमाणात जवळ येतात, कारण पाणी खाली निघून जाते. चिकणमातीत पाणी निघून जात नाही. ते कणांभोवती धरून राहते, माती मऊ पडते, आणि वरून धुम्मस मारली तर ती दबण्याऐवजी बाजूला सरकते व पुन्हा वर येते. गवंडी याला जमीन ‘डुलते’ म्हणतात. माती घट्ट बसण्यासाठी ओल हवी, पण बेताची : मूठभर माती आवळली तर गोळा व्हावा, तळहात ओला होऊ नये, आणि कमरेच्या उंचीवरून तो गोळा टाकला तर त्याचे चारपाच तुकडे व्हावेत. अशा ओलीवर दहा ते पंधरा सेंटिमीटरचा एकेक थर पसरून प्लेट कॉम्पॅक्टरने (सपाट पत्र्याच्या थरथरणाऱ्या दाबयंत्राने) किंवा छोट्या रोलरने दाबायचा आणि मगच पुढचा थर टाकायचा. एकदम फूटभर भर टाकून वरून यंत्र फिरवले तर वरचे चार इंच कडक होतात आणि खालचे पोकळच राहतात. वरवर चालून पाहणाऱ्याला हे कळत नाही. १२ मिलिमीटरचा गज हाताने दाबून पाहिला तर कळते.

याच संदर्भात एक जागा अशी आहे जिकडे मजकूरच काय, पुष्कळदा देखरेख करणारेही लक्ष देत नाहीत. घर बांधताना जोत्याभोवती, पाण्याच्या टाकीभोवती आणि सांडपाण्याच्या पाइपसाठी चर खणलेले असतात. काम संपताना त्यात खोदाईची माती, विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, फुटक्या टाइल असे जे हाताशी असेल ते लोटले जाते. अंगणाची मूळ जमीन कितीही टणक असली तरी हे चर पहिल्या पावसाळ्यातच खचतात, आणि मग भिंतीपासून दीडदोन फुटांवर, भिंतीला अगदी समांतर अशी ब्लॉकची एक रांग खाली गेलेली दिसते. पाणी नेमके तिथे साचते आणि जोत्यात मुरते. हे चर पुन्हा उकरून, कचरा काढून, थराथराने दाबून भरणे हे सबंध कामातले सर्वांत कंटाळवाणे काम आहे. माझ्या मते सर्वांत जास्त उपयोगाचेही तेच आहे.

खोलगट जागी वाळू किंवा कच जास्त टाकण्याचा सल्ला सोपा वाटतो, पण बैठकीच्या, म्हणजे ब्लॉकला लागून खाली असलेल्या वाळूच्या, थराचे काम खड्डे भरण्याचे नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या एसपी ६३ या मार्गदर्शिकेत हा थर २० ते ४० मिलिमीटरचा सांगितला आहे आणि तो सर्वत्र सारख्या जाडीचा असणे अपेक्षित आहे. एका जागी तीन सेंटिमीटर आणि शेजारी आठ सेंटिमीटर असेल, तर आठ सेंटिमीटरची जागा अधिक दबणार. म्हणजे खालच्या जमिनीतला खड्डा काही महिन्यांनी वरच्या फरशीत जसाच्या तसा उमटणार. उंचसखलपणा काढायचा तो खालच्या मुरमात किंवा खडीच्या थरात, यंत्र फिरवण्याआधी. शिवाय धुळीसारखी बारीक कच बैठकीसाठी चांगली नाही; ती पाणी धरून ठेवते आणि ओली झाली की चाकाखाली चिखलासारखी हलते. भरड धुतलेली वाळू किंवा कमी भुकटीची क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घ्यावी.

‘कोणत्याही जमिनीत चालते’ हे विधान या मजकुरातले सर्वांत घातक विधान आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्टच्या खडकावर वसलेला आहे आणि त्याच खडकापासून झालेली काळी माती मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेली आहे. तिच्यातली माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसते. चैत्र-वैशाखात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात त्या यामुळेच. तिच्यावर नुसती वाळू टाकून बसवलेली फरशी पावसाळ्यात मधोमध उचलली जाते आणि उन्हाळ्यात कडेने खचते. ही हालचाल वजनामुळे होत नाही, त्यामुळे ‘आमच्याकडे गाडी येतच नाही’ हे उत्तर इथे कामाचे नाही.

वाळूचा थर या मातीला दाबून धरतो अशी समजूत आहे. प्रत्यक्षात अनेकदा उलटे घडते. काळ्या मातीत खणलेला खड्डा हा हौदच असतो. त्यात वाळू भरली की पावसाचे पाणी झपाट्याने वाळूत शिरते, तळाची माती ते सोडत नाही, आणि ते पाणी तिथेच थांबून मातीला आठवडेच्या आठवडे पाजत राहते. आयआयटी मुंबईतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर केलेल्या संशोधनातून असे दिसले, की तिच्यावर चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसवला तर खालचे फुगणे बरेच आटोक्यात येते. कालव्यांच्या अस्तराखाली ही पद्धत वापरली गेली आहे. चांगला मुरूम या कामी येतो. अर्थात कालव्यासाठी असा थर मीटरभराच्या आसपास जाडीचा घेतात आणि अंगणासाठी तेवढी खुदाई कोणी करणार नाही, करण्याची गरजही नाही. पण वरची मऊ, मुळ्यांनी भरलेली माती काढून, तळाला बाहेरच्या बाजूला उतार देऊन, त्यावर न विणलेले जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारे, पण माती अडवणारे कापड) अंथरून निदान पंधरा ते तीस सेंटिमीटर मुरूम दाबून बसवला आणि त्यावर खडीचा थर दिला, तर मातीची हालचाल फरशीपर्यंत पुष्कळ कमी होऊन पोहोचते. ज्यांच्याकडे माती फारच चिकट आहे ते तळच्या थरात चुना मिसळूनही घेतात.

मुरूमही पारखून घ्यावा लागतो. ट्रकमधून लाल-पिवळे जे काही उतरते ते सगळे मुरूम नव्हे. भिजवून बोटांत चोळल्यावर खरखरीत लागला आणि हात धुताच निघून गेला तर ठीक. साबणासारखा बुळबुळीत लागून बोटांना लेप चढला तर ती मातीच आहे, आणि ती पैसे देऊन आणून पुन्हा अंगणात टाकण्यात अर्थ नाही.

इथे उलट बाजूही सांगितली पाहिजे. माळरानावर, जिथे वीतभर खाली कठीण मुरूम किंवा मांजऱ्या खडक लागतो, किंवा कोकणात जांभ्याच्या कातळावर, निव्वळ पायवाटेसाठी जाड पाया करणे हा खरोखर उधळपट्टीचा प्रकार आहे. तिथे वरची सैल माती खरवडून, चारपाच सेंटिमीटर खडी-भुकटीने पातळी साधून बैठक घातली तरी काम टिकते. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा अशाच जमिनीवरचा अनुभव सगळ्या राज्याला लागू केला असावा.

प्लास्टिकचा कागद आणि सिमेंट मिसळलेली कच हे दोन उपाय काळजीपोटी केले जातात, पण दोन्ही चुकीच्या दिशेने जातात. कागदामुळे माती आणि खडी वेगळी राहतात हे खरे असले तरी पाणीही अडते. बैठकीची वाळू भिजून बसते आणि प्रत्येक चाकाबरोबर फटींतून गढूळ पाण्याच्या पिचकाऱ्या उडतात. पाणी जाऊ देऊन माती अडवायची असेल तर त्यासाठी जिओटेक्स्टाइल आहे. सिमेंटची बैठक सुरुवातीला दगडासारखी वाटते. खालची जमीन जरा हलली की ती पातळ पापडी तडकते, तिचे तुकडे ब्लॉकखाली डगमगू लागतात, आणि पुढे पाइप दुरुस्तीसाठी ब्लॉक उचलायची वेळ आली की ते तळाला सिमेंट घेऊनच निघतात व पुन्हा पातळीत बसत नाहीत.

उताराबद्दलचे विधान पावसाचा हिशेब न करता केलेले आहे. ताज्या फटींतून थोडे पाणी मुरते, पण धूळ आणि शेवाळ यांनी फटी भरत गेल्या की ते प्रमाण घटते. ५०० चौरस फुटांच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे २३०० लिटर पाणी जमते आणि गच्चीचा पाइप अंगणातच सोडलेला असेल तर ते सगळे एका कोपऱ्यात ओतले जाते. कोकणात असा पाऊस ही नवलाची गोष्ट नाही. म्हणून घरापासून दूर, मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर इतका उतार ठेवावा. वीस फुटांच्या अंगणाला तो साधारण नऊ ते बारा सेंटिमीटर होतो. हा उतार तळाच्या मातीपासूनच घ्यावा लागतो, कारण तो फक्त वाळूत घेतला तर पुन्हा कुठे जाड, कुठे पातळ बैठक तयार होते. खुदाईआधी लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) जोत्यावर आणि फाटकाशी खुणा करून दोरी बांधली, तर दाराच्या उंबऱ्याशी ब्लॉक नेमका किती खाली राहील हेही आधीच कळते. गच्चीचा पाइप तर बंद नळीतून थेट गटारात किंवा शोषखड्ड्यात न्यावा.

कडांचा उल्लेख मजकुरात मुळीच नाही. चारही बाजूंना काँक्रीटमध्ये पक्के रोवलेले कर्ब (कडेचे ठोकळे) नसतील तर शेवटची रांग बाहेर सरकते आणि तिच्यामागोमाग आतल्या रांगा सैल होतात. कर्बखालचा पायाही फरशीच्या कडेबाहेर वीतभर न्यावा लागतो.

खर्चाचा आरोप मापाने तपासता येतो. ४०० चौरस फुटांच्या अंगणात सहा इंच दाबलेला थर म्हणजे दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). दाबताना माल बसतो हे धरून साधारण अडीच ब्रास आणावा लागतो. ६० मिलिमीटरचा ब्लॉक, ३० मिलिमीटर बैठक आणि हा थर मिळून खुदाई साडेनऊ इंचांच्या आसपास, म्हणजे तीन ब्रासहून थोडी जास्त माती उचलावी लागते; काळ्या मातीत मुरमासाठी त्यात आणखी भर पडते. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात याच्या दुप्पट ब्रास असतील तर जरूर जाब विचारावा. आणि प्रत्येक थर दाबून झाल्यावर तो पाहायला स्वतः उभे राहावे, कारण ब्लॉक बसल्यावर खाली चार इंच आहेत की सहा, हे कोणालाच दाखवता येत नाही.

राहिले ब्लॉक उचलून पुन्हा बसवण्याचे. ती सोय खरी आहे आणि काँक्रीटच्या फरशीपुढे पेव्हर ब्लॉकचा हाच मोठा फायदा आहे. पण खाली गेलेल्या जागी ब्लॉक उचलून, दोन पाट्या कच टाकून ते परत ठोकले तर पुढच्या पावसाळ्यात तीच जागा पुन्हा खचते. उचललेच आहेत, तर खचलेल्या भागाच्या चारही बाजूंनी दोन-दोन रांगा जास्त काढाव्यात, जुनी बैठक खरवडून टाकावी, टणक लागेपर्यंत मऊ माती काढावी, तिथे खडी-मुरूम थराथराने दाबून भरावा, आणि नव्या वाळूवर तेच ब्लॉक आजूबाजूच्या पातळीपेक्षा चारपाच मिलिमीटर उंच बसवून मग यंत्र फिरवावे. शेवटी फटींत कोरडी बारीक वाळू झाडूने भरावी आणि आठवड्याभराने ती खाली बसली की पुन्हा एकदा भरावी.