कायमच्या पिशवीचा सल्ला पटला नाही
लेखात म्हटलंय की लघवी पूर्ण होत नसेल तर मूत्राशयात कायमची नळी (कॅथेटर) आणि पिशवीच बरी, घरी दरवेळी स्वतः लघवीच्या वाटेने नळी घालून मूत्राशय रिकामं केलं की इन्फेक्शन होणारच. अहो, अमेरिकेत मिशिगनच्या डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्येच मांडलं होतं की अशी नळी घालायला निर्जंतुक हातमोज्यांचा थाट नको, साबणाने स्वच्छ धुतलेले हात पुरतात. खरा धोका मूत्राशय तुडुंब भरून ताणलं जाण्याचा. म्हणून दर चार-सहा तासांनी, साधारण ४००-५०० मिलीच्या आत रिकामं करायचं.

माझा धाकटा भाऊ मणक्याला मार लागल्यापासून हेच करतो. जेली लावून नळी हलक्या हाताने आत, धार थांबली की सावकाश बाहेर. काढताना मध्येच पुन्हा थोडी येते, तिथे क्षणभर थांबायचं. घाई केली की तेवढी आत राहते.

अडचण वेगळीच आहे. एसटी स्टँडच्या मुतारीत नळीचं पाकीट ठेवायला कोरडी जागा नसते, कडी लागत नाही. मग प्रवासाच्या दिवशी गडी पाणीच पीत नाही! बायकांचं तर विचारूच नका. आणि एकदा वापरून टाकायच्या नळ्यांचा महिन्याचा खर्च? त्यावर लेखात एक ओळ नाही.