बापूरावांच्या गळ्याचं श्रेय गोदावरीला देऊ नका

गेल्या आठवड्यात एकच मजकूर मला चार ठिकाणांहून आला. सोसायटीच्या ग्रुपवरून, शाळेच्या मित्रांकडून आणि दोन नातेवाइकांकडून. विषय शास्त्रीय गायक द. वि. पलुसकर, म्हणजे बापूराव. ते नाशिकचे म्हणून सगळ्यांना अभिमान, तसा मलाही आहे. पण मजकुरात म्हटलंय ते असं: गाणं त्यांच्या रक्तातच होतं, शिकावं लागलंच नाही. अकरा भावंडं लहानपणी गेली, त्या सगळ्यांचे सूर या एकाच्या गळ्यात उतरले. चौदाव्या वर्षी जालंधरची मैफल जिंकली हा साक्षात्कार. पंचवटीच्या पाण्याचा गुण. आणि असं देणं देव फार दिवस खाली ठेवत नाही, म्हणून चौतिशीतच बोलावून घेतलं.

आधी रक्ताचं बघू, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे.

वडील पंडित विष्णु दिगंबर पलुसकर, हे खरंच. पण विष्णु दिगंबरांच्या रक्तात ख्याल, म्हणजे ही रागदारी गायकी, कुठून आली? त्यांचे वडील कीर्तनकार होते, कुरुंदवाडचे. मुलगा लहानपणी फटाक्याच्या अपघातात सापडला, डोळे अधू झाले, पुस्तकी शिक्षण अवघड होऊन बसलं. म्हणून त्याला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. बुवांची विद्या ग्वाल्हेर घराण्याची. थोडक्यात, ज्याला आपण पलुसकरांचं घराणेदार रक्त म्हणतो त्याच्या मुळाशी एक फटाका आहे.

आता पुढची पिढी. बापूरावांचा जन्म १९२१ चा, विष्णु दिगंबर गेले १९३१ साली. दहा वर्षांच्या पोराला वडिलांकडून किती मिळणार? त्याला घडवलं ते वडिलांच्या शिष्यांनी. पुण्याला विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ मध्ये गांधर्व महाविद्यालय ही गाण्याची शाळा काढली, तिथे बापूराव शिकले. नारायणराव व्यासांकडूनही त्यांना तालीम मिळाली. बाळकृष्णबुवा, विष्णु दिगंबर, मग विनायकबुवा आणि नारायणराव, मग बापूराव. ही साखळी नीट पाहा. विद्या ज्या वाटेने आली त्या वाटेवर बापलेकाचं नातं जवळजवळ लागतच नाही, लागतं ते गुरु-शिष्याचं. आणि विष्णु दिगंबरांच्याच हाताखाली ओंकारनाथ ठाकूर तयार झाले, ते तर गुजरातेतले. त्यांच्यात कुठलं पलुसकरी रक्त होतं?

गळ्याची ठेवण आईबापांकडून येते, हे मी नाकारत नाही. पण ठेवण म्हणजे रिकामी वाटी. बापूरावांना वारशात जे खरं मोलाचं मिळालं ते वेगळंच होतं: बाप गेल्यावरही पोराला वाऱ्यावर न सोडणारे शिष्य. त्याबद्दल मजकुरात अवाक्षर नाही.

त्या अकरा भावंडांबद्दल लिहिताना माझा हात जरा अडखळतो. विष्णु दिगंबरांना बारा मुलं झाली आणि अकरा लहानपणीच गेली. त्या काळात घरोघरी पाळणे असे रिकामे व्हायचे. त्या माउलीचं काय झालं असेल याचा विचार न करता आपण हिशेब मांडतो, अकरा वजा, एक जमा. शिवाय रक्तच गात असेल तर ते बाराही जणांत सारखंच होतं. अकरांपैकी कोण गायलं असतं आणि कोणी दुकान टाकलं असतं, हे सांगायला कुणी उरलं नाही. जो जगला त्याच्याकडे बघून आपण नियम काढतोय.

जालंधरचं म्हणाल तर हरिवल्लभ संगीत मेळा तिथे १८७५ पासून भरतो. पंजाब ही विष्णु दिगंबरांची कर्मभूमी, पहिलं गांधर्व महाविद्यालय त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला काढलं. तेव्हा पलुसकर या आडनावाला तिथे काय वजन होतं ते ओळखा. दार नावाने उघडलं, हे मोकळेपणाने म्हणावं. आत गेल्यावर मात्र गाणं स्वतःचंच लागतं, आणि तोवर त्या मुलाची वर्षानुवर्षांची तालीम झाली होती. चौदा हे वय आपल्याला कोवळं वाटतं. गवयाच्या घरात ते तसं कोवळं नाही.

पण ‘शिकावंच लागलं नाही’ असं लोकांना वाटतं तरी का? माझ्या मते याला तबकड्या जबाबदार आहेत. बापूराव आपल्यापर्यंत पोचले ते बरेचसे ७८ च्या रेकॉर्डींमधून, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. ‘ठुमक चलत रामचंद्र’ ऐका, कुठेही धाप नाही, शब्द मोत्यासारखे सुटे. वाटतं, हा माणूस सहज गातोय. पण तेवढ्या वेळात राग उभा करायचा, बंदिश, म्हणजे रागात बांधलेली चीज, नीट मांडायची, ताना घ्यायच्या आणि तबकडी संपायच्या आत समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन थांबायचं, याला डोक्यात केवढी आखणी लागते! सहज ऐकू येतं ते आखणी पक्की असल्यामुळे.

आमच्या वरच्या मजल्यावर एक बाई गाण्याचा क्लास घेतात. परवा भूप रागाची बंदिश चालू होती, अकरा-बारा वर्षांची मुलगी. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवात, घेऊन समेवर यायचं एवढंच काम, आणि ती दर वेळी अर्धी मात्रा उशिरा. बाई चिडत नव्हत्या. ‘परत घे गं बाळा,’ इतकंच. मी भाजी निवडत मोजत बसलो, तेविसाव्या वेळी जमलं. चोविसाव्या वेळी पुन्हा चुकलं. ग्वाल्हेरची तालीम म्हणजे एरवी काय असतं? आधी बंदिशी तोंडपाठ, मग त्यांच्या आधाराने राग. तबकडीवर हे तेवीस वेळा चुकणं कुठून येणार?

जाता जाता एक. त्याच मजकुरात शेवटी ‘बापूरावांनी अमीर खाँसाहेबांना हरवलं’ असंही होतं. १९५२ च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटात नौशाद यांच्या संगीतात दोघांनी मिळून देसी राग गायलाय. बापूराव बैजूसाठी, खाँसाहेब तानसेनसाठी, आणि गोष्टीत बैजू जिंकतो. पटकथेतला निकाल गवयांवर लादू नका, एवढीच विनंती.

देवाने बोलावल्याचं फार ताणत नाही. ऑक्टोबर १९५५ मध्ये मेंदूज्वराने ते गेले. तो आजार होता, त्यात देवाची घाई शोधण्यासारखं काही नाही.

राहिलं पाणी. यावरून परवा पंचवटी कारंजावर चहा पिताना आमच्या अण्णांशी वाजलं. ते म्हणाले, ‘अहो, काहीतरी असणारच की मातीत! नाहीतर इथेच कसे जन्मले?’ मी म्हटलं, अण्णा, आपण दोघं सत्तर वर्षं याच गोदेचं पाणी पितोय, आणि तुमची आरती ऐकून शेजारी खिडक्या लावून घेतात. अण्णा हसले, पण पटलं नव्हतं.

म्हणून त्यांना जे कबूल केलं ते इथेही करतो. नाशिकने बापूरावांना काहीतरी दिलंय. पाण्यातून नाही, रामनाम आधार आश्रमातून. मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयाची इमारत कर्जापायी हातची गेली आणि विष्णु दिगंबर उत्तरायुष्यात इथे रामनामात रमले. ज्या वयात कान ओला असतो त्या वयात मुलाच्या कानावर भजन पडत राहिलं. पुढे तो ख्यालाइतकंच मन लावून भजन गायला, कधी ते शेवटी तोंडी लावायला म्हणून गायला नाही. याची मुळं मी त्या आश्रमात शोधीन. इंद्रकुंडाजवळचं सभागृह पलुसकरांच्या नावाचं आहे, ते या नात्यापुरतं मला योग्य वाटतं.

‘म्हणजे पाण्यात काहीच नाही म्हणता?’ अण्णांनी उठता उठता विचारलंच.

‘आहे ना. उकळून प्या.’