नव्या हॅचबॅकच्या पैशात जुनी सेडान: मेसेजमधला हिशेब अर्धाच आहे

दसरा-दिवाळी जवळ आली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं सार असं: "सात-आठ लाख घालून नवी हॅचबॅक घेणं हा वेडेपणा. त्याच्या निम्म्या पैशात सहा-सात वर्षांची होंडा सिटी, व्हर्ना, सियाझ किंवा व्हेंटो येते. घसारा आधीच्या मालकाने सोसलेला. साठ हजार किलोमीटर म्हणजे इंजिन आत्ता कुठे मोकळं झालेलं. डिझेल घ्या, पळवायला स्वस्त. बाहेरच्या गॅरेजमध्ये मेंटेनन्स हॅचबॅकएवढाच. विमा, कागदपत्रं किरकोळ. आणि दिल्लीची गाडी आणली तर आणखी पैसे वाचतात."

जुनी सेडान घेऊ नका असं मी म्हणत नाही. चांगली निघाली तर हायवेवर तिच्यासारखं सुख नाही. पण या मेसेजवर भरवसा ठेवून घेणारा पहिल्याच वर्षात गोत्यात येतो, कारण यात एक साधी गोष्ट सांगितलेली नाही: गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही.

"घसारा आधीच्या मालकाने सोसलेला." हे खरं आहे, आणि मेसेजमधलं सगळ्यात भक्कम वाक्य हेच. पण बारा लाखांची गाडी तुम्हाला चार लाखांत मिळाली, तरी तिचा हेडलाइट, स्टिअरिंग रॅक, एसीचा कॉम्प्रेसर बारा लाखांच्या गाडीचाच असतो आणि त्याच भावात मिळतो. कर्ज काढणार असाल तर जुन्या गाडीचा व्याजदर नव्यापेक्षा चढा आणि मुदत कमी, हेही धरा.

"साठ हजार म्हणजे काहीच नाही." इंजिनापुरतं बोलायचं तर मान्य. सिटीचं पेट्रोल आय-व्हीटेक इंजिन वेळेवर ऑइल बदललं तर लाख-दीड लाख किलोमीटरला दाद देत नाही, त्यात पट्ट्याऐवजी टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी साखळी असते. पण आधी तो आकडा खरा आहे का? मीटर मागे फिरवणं हा जुन्या बाजारातला रोजचा धंदा आहे. काट्यावरचा आकडा बाजूला ठेवून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून गाडीच्या नंबरवर जुनी नोंद काढून घ्या. २०२१ साली पंचाहत्तर हजारांची सर्व्हिस झालेली गाडी आज साठ हजार दाखवत असेल तर पुढे बोलायलाच नको. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, ड्रायव्हरच्या सीटची कड बसलीय का, हेही बघा.

आणि आकडा खरा असला तरी रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. लोअर आर्मचे बुश (चाकाच्या सांध्यातली रबरं), इंजिन माउंटिंग, शॉकअपच्या वरचे माउंट, कूलंटचे होज, दारांची रबरं सात वर्षांत कडक होतात, मग गाडी चाळीस हजार चाललेली असो की नव्वद. सेडान लांब आणि जड, त्यात पुण्या-मुंबईचे स्पीडब्रेकर. सस्पेन्शनमधल्या लिंक रॉड आणि बुशचा खडखडाट म्हणूनच पहिला येतो. ते काम तसं स्वस्त. टायरवर चार आकडी कोड असतो: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. कोड ३२१८ असेल तर टायर २०१८ च्या ऑगस्टमधले, आणि नक्षी कितीही शाबूत दिसली तरी चारही बदलायचे. एसी थंड करत नसेल तर विकणारा "गॅस भरला की झालं" म्हणतो. पण गॅस उगाच संपत नाही, कुठेतरी गळतो. गळती कूलिंग कॉइलमध्ये असेल तर बहुतेक गाड्यांत पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि एकदा उतरवलेला डॅशबोर्ड पुढे आयुष्यभर करकरतो.

"डिझेल स्वस्त पडतं." एकेकाळी पेट्रोल-डिझेलमध्ये लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचं अंतर होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून सुटले आणि ते अंतर निम्म्यावर आलं. उरलेली बचत दुरुस्ती खाते. टर्बो, इंजेक्टर, धूर परत इंजिनात फिरवणारा आणि काजळीने तुंबणारा ईजीआर व्हॉल्व्ह, आणि अनेक डिझेल सेडानमध्ये क्लचसोबत येणारं ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे धक्के शोषणारं दुहेरी चाक. हे फ्लायव्हील गेलं की साध्या क्लच प्लेटचं काम कित्येक पटींनी महागतं. फोक्सवॅगन व्हेंटो आणि तिची जुळी स्कोडा रॅपिड यांच्या टीडीआय (डिझेल) इंजिनांत साखळीऐवजी टायमिंगचा पट्टा असतो. तो वेळेवर न बदलता तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. पट्टा बदलल्याचं बिल दाखवता आलं नाही, तर बदललेला नाही असंच समजायचं. एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ या प्रदूषण नियमांच्या डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आला. त्यातली काजळी जळायला मोकळ्या रस्त्यावरची सलग धाव लागते. पुण्यात कोथरूड ते हिंजवडी रखडत जाणाऱ्याने ती गाडी घेऊच नये.

ऑटोमॅटिकबद्दल मेसेज गप्प आहे, पण सगळ्यात मोठा खड्डा तिथेच आहे. व्हेंटो-रॅपिडच्या काही आवृत्त्यांत सात गिअरांचा ड्राय-क्लच डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. याच जातीच्या गिअरबॉक्सचं सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल भरण्यासाठी फोक्सवॅगनने २०१३ मध्ये जगभर गाड्या परत बोलावल्या होत्या. त्यातलं मेकाट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा गिअरबॉक्सचा मेंदू) गेलं की बिल लाखाच्या घरात जातं. वॉरंटी संपलेली डीएसजी गाडी कितीही स्वस्त मिळो, मी तिच्या वाटेला जाणार नाही. सिटीचा सीव्हीटी, म्हणजे ठराविक गिअर नसलेला ऑटोमॅटिक, त्या मानाने शांत, पण त्याचं ऑइल "लाइफटाइम" आहे, कधी बदलायला नको, असं सांगणाऱ्याचा सल्ला ऐकू नका.

"मेंटेनन्स हॅचबॅकएवढाच." ऑइल-फिल्टरच्या नेहमीच्या सर्व्हिसला फार फरक पडत नाही, हे कबूल. फरक टायर, ब्रेक डिस्क, सस्पेन्शन आणि पेट्रोलमध्ये पडतो. समजा वर्षाला बारा हजार किलोमीटर शहरात चालवता. सेडानने लिटरला १२ दिले आणि हॅचबॅकने १५, तर वर्षाला दोनशे लिटर जास्त लागतात. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर हे झाले २०,८०० रुपये, गॅरेजची पायरी चढायच्या आधीच. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या बाजारात कापलेल्या गाडीचा पार्ट मिळतो, दरवाजा किंवा आरशासाठी जरूर घ्या. ब्रेकसाठी आणि एअरबॅगसाठी नाही. मला विचाराल तर मॅन्युअल पेट्रोल सिटी किंवा सियाझ घ्यावी आणि किमतीच्या किमान पंधरा टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी वेगळी ठेवावी. सिटी घेतलीत तर चॅसी नंबर टाकून रिकॉल, म्हणजे कंपनीने दोष काढायला गाडी परत बोलावली आहे का, ते तपासा. होंडाने फ्युएल पंपासाठी २०२०, २०२१ आणि २०२४ मध्ये भारतात गाड्या परत बोलावल्या होत्या, आणि ते काम फुकट होतं.

"विमा किरकोळ." आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सूट) गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्या नावावर राहतो. त्याला पन्नास टक्के सूट होती म्हणून त्याचा हप्ता कमी होता. तुमचा तेवढा नसेल. विमा नावावर करून घ्यायला चौदा दिवस असतात. शिवाय २०२२ च्या दरपत्रकात सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचा हप्ता १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये होता. सिटीचं पेट्रोल इंजिन १४९७ सीसीचं, २०१७ च्या १.६ व्हर्नाचं १५९१. शंभरेक सीसीसाठी दरवर्षी साडेचार हजार.

"दिल्लीची गाडी." एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद केल्या, तेव्हापासून तिथला माल स्वस्तात बाहेर पडू लागला. पण बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे नव्याने नोंदणी लागते. त्यासाठी तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स. वयाप्रमाणे घट मिळते, तरी डिझेलवर कराचा दर पेट्रोलपेक्षा जास्तच. एजंट "तिथल्याच पासिंगवर चालवा, कोण बघतंय" म्हणेल. नाक्यावर थांबवल्यावर दंड तुमच्या खिशातून जातो, एजंटच्या नाही.

स्वस्त गाडी इथलीच असली तरी सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा आणि चिपळूणचा २०२१ चा पूर लक्षात ठेवा. पाण्यात बसलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ दिसते. सीटखालच्या रुळांवर गंज बघा, डिकीतलं स्टेपनीचं खळगं बघा. आणि गाडी भर दुपारी बघायला जा, संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली नको.