ओळख पटवा

श्रावणात बनियन वाळणं हाच मुळात चमत्कार, म्हणून त्या रविवारी दोरीवरून काढून कौतुकाने अंगात घातली. पुढची दोन मिनिटं मी घरभर नाचत होतो. मान, काख, पाठ, सगळीकडे आग! बनियन झटकली तर फरशीवर तो पडला. बोटभर लांब, अंगभर करडे-पांढरे केस आणि जराही ओशाळलेला नाही.

"कुसरूड आहे. खाजवू नकोस, केस आणखी आत रुततील," असं म्हणत बायकोने खोक्यांना लावायची चिकटपट्टी माझ्या पाठीवर थापली आणि चर्रकन ओढली. सुरवंटाचे केस निघाले. माझेही निघाले. मग साबणाचं पाणी.

पण हा नेमका कोण? फोटो पाठवल्यावर मामेभावाने "विषारी, जाळून टाक" असा निकाल दिला. सासरेबुवांनी पाठीवर घोंगडं घासायला सांगितलं. (टू बीएचकेत घोंगडं?) ओळखणाऱ्या ॲपने आधी भांड्यांचा ब्रश सांगितला, उजेडात धरल्यावर पर्शियन मांजर, ६१ टक्के खात्रीने. इतकी खात्री लग्नाच्या वेळी माझ्याबद्दलही कुणाला नव्हती.

शेवटी प्राणिशास्त्र शिकणाऱ्या भाचीला फोन केला.

"मामा, झाड कोणतं?"

"झाड नाही गं, बनियन."

"अरे, सुरवंट तोंडावरून नाही, ताटावरून ओळखायचा. दोरीजवळ कसली फांदी आहे?"

फांदी शेवग्याची होती. खाली जाऊन पाहिलं तर बुंध्याला कुणी घोंगडं गुंडाळावं तसे शे-दीडशे जण एकमेकांना चिकटून बसलेले. (सासरेबुवांची सोय झाली.) भाचीने नाव सांगितलं, युप्टेरोटे मोलिफेरा. मला ती इटालियन मोटार वाटली. दिवसा खोडावर घोळक्याने पडून राहायचं, रात्री वर चढून पाला फस्त करायचा, पुढे मातीत शिरून कोष करायचा आणि पतंग होऊन बाहेर यायचं. होस्टेलवरची माझी चार वर्षं अगदी अशीच गेली, फक्त पतंग व्हायचं राहिलं.

तळमजल्यावरच्या आजी शेंगा काढायची काठी घेऊन बाहेर आल्या. मी मोठ्या तोऱ्यात मोलिफेरा सांगितलं.

"ते होय? दर पावसाळ्यात येतात," त्या म्हणाल्या. मग चष्मा सारखा करून त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कोण पण? कधी पाहिलं नाही."